भिंतीबाहेरचा नाला



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर विचारलं, "साहेब, आमच्या मालेगावात विमान फक्त आभाळात दिसतं. विमानतळावरच्या पाण्याचं आम्हाला काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याला सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे अमरावतीचा बेलोरा. तिथली प्रवासी सेवा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाली. अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ पासूनची, पण तिच्या विस्ताराची चर्चाच जास्त ऐकू येते. तरीही हा विषय मुद्दाम घेतला आहे, आणि त्याला कारण आहे.

वाशिम जिल्हा पाणलोटाच्या धारेवर बसलेला आहे. उत्तरेकडचं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, तिथून तापीला आणि अरबी समुद्राला जातं. दक्षिणेकडचं पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं फिरत बंगालच्या उपसागराला मिळतं. माथ्यावर राहणाऱ्या माणसाला पुराची फारशी भीती नसते, म्हणून तो पाण्याच्या वाटेचा फारसा विचारही करत नाही. पण गेल्या काही वर्षांत या माथ्यावरही मोठे रस्ते आले, भराव आले, नगरपंचायतीचे सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, आले आणि ते तयार करणारे कन्सल्टंट आले. बाहेरचा तज्ज्ञ नेमून पाण्याची कामं करून घ्यायची ही पद्धत आता आपल्या दाराशी आली आहे. तिचे गुण-दोष बघायला विमानतळासारखी जागा नाही. तिथं पाणी अर्धा तास साचलं तरी बातमी होते, आणि चूक लपवता येत नाही.

आधी थोडा हिशेब करू. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे. रुंदी ४५ मीटर धरा. क्षेत्रफळ झालं ८३ हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे साधारण वीस एकर. आपल्याकडं वळवाचा जोरदार पाऊस तासाला ५० मिलिमीटर सहज कोसळतो. वीस एकरांवर ५० मिलिमीटर म्हणजे एका तासात सुमारे ४१ लाख लिटर. दहा हजार लिटरचे चारशेहून जास्त टँकर. यात विमानं उभी करायची जागा, इमारतींची छपरं, गाड्यांचा तळ धरलेला नाही. तेवढ्याच काळ्या रानात पहिला पाऊस भेगांमध्ये जिरतो, नंतरचा धुऱ्याला अडतो, उरलेला हळूहळू नाल्याला लागतो. डांबरावर पडलेलं पाणी मात्र दहा मिनिटांत कडेला येऊन उभं राहतं आणि वाट मागतं.

बरं, धावपट्टीला उतार तरी किती द्यायचा? मोठ्या विमानांच्या धावपट्टीचा आडवा उतार शंभराला दीडच्या पुढे नेता येत नाही. त्याहून जास्त दिला तर आडव्या वाऱ्यात विमान सांभाळणं अवघड. कमी दिला तर पाण्याचा पातळ थर राहतो आणि चाक डांबराऐवजी पाण्यावर घसरत जातं. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत मुसळधार पावसात एक विमान उतरताना मुख्य धावपट्टी ओलांडून पुढच्या गवतात गेलं. प्रवासी सुखरूप होते, पण ती धावपट्टी पुढं काही दिवस बंद राहिली.

मग पाणी कडेला तळं करून साठवावं म्हटलं, तर तेही चालत नाही. तळं झालं की बगळे येतात, घारी येतात, आणि इंजिनात गेलेला एक पक्षी पुरेसा असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा दंडक असा की विमानतळाजवळच्या साठवण तळ्यातलं पाणी मोठ्या पावसानंतर ४८ तासांत ओसरलं पाहिजे. इथं आपण शेततळ्यात पाणी टिकावं म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरतो, तिथं ते लवकर जावं म्हणून खटपट. शिवाय इंधनाचे थेंब, विमानं धुतल्याचं पाणी, हे सरळ नाल्यात सोडता येत नाही. तेल वेगळं काढणाऱ्या टाक्या लागतात. थंड देशांत विमानावरचा बर्फ काढायला ग्लायकॉल फवारतात, ते ओढ्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. लंडनच्या हीथ्रोने या पाण्यासाठी मेफील्ड फार्म नावाच्या जागी चक्क बोरूची वाफे-तळी केली आहेत.

इतकं सगळं एका विमानतळाच्या स्थापत्य विभागाला यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. विभागातला अभियंता रोज काँक्रीटचे तडे, दिवे, कुंपण बघतो. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पावसाचं गणित मांडण्याची पाळी त्याच्यावर नोकरीत एखाद्या वेळी येते. त्या कामासाठी बाहेरचा जलविज्ञान जाणणारा माणूस बोलवावा, हे शहाणपणाचंच आहे. "आमच्या माणसांना काय येत नाही?" असं ठणकावून सांगणारे अधिकारी मी बघितले आहेत. त्यांच्याशी माझं जमलं नाही.

भांडण आहे ते तज्ज्ञाला बोलावल्यानंतर काय होतं, त्यावर. आणि त्यासाठी मुंबईला जावं लागतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या जिल्ह्यात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो, साधारण तेवढा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाला लागूनच आहे, म्हणजे तो पाऊस मोजला गेला तोच मुळी विमानतळाच्या उशाशी. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास. विमानतळ तीस तासांहून जास्त बंद राहिला. खालच्या वस्त्यांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मुंबईत भाऊ-भाचा नाही असं घर वऱ्हाडात विरळाच.

विमानतळाला लागून मिठी नदी वाहते. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन सुमारे अठरा किलोमीटर जाऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. धावपट्टी वाढवायची ठरली तेव्हा नदी मध्ये आली. मग धावपट्टी नदीवरून नेली आणि नदीला कुंपणाच्या कडेकडेने जवळजवळ काटकोनात वळवलं. नदीला काटकोन मानवत नाही. वळणावर वेग मोडतो, वेग मोडला की गाळ बसतो, गाळ बसला की पात्र उथळ होतं, आणि मग पाणी मागे फुगतं. मागे कोण आहे? कुर्ल्याची क्रांतीनगरसारखी वस्ती. तिथल्या कुटुंबांना जोराचा पाऊस लागला की आजही घरं सोडून शाळेत हलावं लागतं. विमानतळाच्या आतल्या गटारांचा आराखडा कितीही चोख असू दे, त्याचं तोंड ज्या नदीत उघडतं ती नदी भरलेली असेल आणि वर समुद्राची भरती असेल, तर आतलं पाणी जाणार कुठं?

पुरानंतर राज्य सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. चितळे म्हणजे केंद्राचे माजी जलसंपदा सचिव, १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले. समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यात मिठीची वळणं आहेत, अतिक्रमणं आहेत, पात्राची रुंदी आहे. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. समितीला एक जुना अहवाल पुन्हा समोर ठेवावा लागला.

तो जुना अहवाल ब्रिमस्टोवॅड नावाने ओळखला जातो. १९८५ च्या पुरानंतर मुंबई महापालिकेने बाहेरचे तज्ज्ञ नेमले, वॉटसन हॉक्स्ली ही इंग्रज कंपनी. त्यांचा अहवाल १९९३ मध्ये हातात पडला. आता जरा सबुरीने ऐका, कारण सगळं दोन आकड्यांत आहे. मुंबईची इंग्रजांच्या काळातली गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, आणि हिशेब करताना असं धरलं होतं की त्यातलं निम्मं पाणी जमिनीत जिरेल, निम्मंच गटारात येईल. अभियंत्याच्या भाषेत वाहत्या पाण्याचा गुणांक अर्धा. तज्ज्ञांनी सांगितलं, शहर आता डांबरी झालं आहे, जिरायला जमीन उरलेली नाही. गुणांक एक धरा, आणि पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरा. म्हणजे पाऊस दुप्पट, त्यातून गटारात येणारा वाटाही दुप्पट. एकूण चौपट. त्यासाठी नाले रुंद करा, भरतीच्या वेळी पाणी उपसून टाकायला आठ पंपिंग केंद्रं बांधा. खर्च सांगितला ६१६ कोटी.

खर्च फार आहे, असं म्हणून अहवाल फडताळात गेला. बारा वर्षं तिथंच राहिला. २६ जुलै झाला, मग तो बाहेर काढला. केंद्राने १,२०० कोटींचा प्रकल्प मान्य केला. कामं सुरू झाली, त्यातही मोगरा आणि माहुल ही दोन पंपिंग केंद्रं जागेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अडकून राहिली.

मला या गोष्टीत तज्ज्ञांची चूक दिसत नाही. त्यांनी मागितलं ते दिलं. १९९३ मध्ये अहवाल घेणारा होता, पण तो आपला मानून चालवणारा कुणी नव्हता. अहवाल मंजूर करणारी माणसं बदलली, बदल्या झाल्या, नवीन आले त्यांनी तो वाचलाही नसेल. बाहेरून माणूस आणणं सोपं आहे. तो गेल्यावर त्याचं म्हणणं घरात कोण धरून ठेवणार, हे आधी ठरवल्याशिवाय त्याला बोलावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं उलट उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. आपल्या वाशिमची हद्द ओलांडली की हिंगोली, आणि हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला, हजारो माणसं गेली. निजाम सरकारने बाहेरचा तज्ज्ञ बोलावला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची बरीच वर्षं खानदेश, नाशिक, पुण्याकडं गेली होती. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले होते. ते नुकतेच नोकरीतून मोकळे झाले होते. हैदराबादला आल्यावर त्यांनी नुसता शहराचा काठ मोजला नाही. ते वर गेले, नदीच्या उगमाकडे, आणि पाणलोटातले शेकडो तलाव तपासले. त्यातले बरेच फुटल्यामुळे पूर एवढा वाढला होता. शहरात भिंती बांधण्यापेक्षा वर दोन मोठे जलाशय करा, हा त्यांचा सल्ला. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. तोपर्यंत विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होऊन ते पदही सोडून गेले होते. काम अडलं नाही, कारण हैदराबादच्या स्वतःच्या खात्यात अली नवाज जंग यांच्यासारखा अभियंता होता. त्याला तो सल्ला कळत होता, पटलेला होता आणि बांधून काढता येत होता.

आता पुन्हा विमानतळाकडे येऊ. कोची विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला. पेरियार नदीच्या सखल पट्ट्यात. चेंगल तोडू नावाचा एक ओढा तिथून वाहत होता; धावपट्टीसाठी त्याची वाट मोडली आणि वळवून दिली. २०१३ मध्ये एकदा पाणी आत आलं. ऑगस्ट २०१८ मध्ये आलं तेव्हा विमानतळ दोन आठवडे बंद राहिला. २०१९ मध्ये पुन्हा बंद करावा लागला. त्यानंतर विमानतळ कंपनीने 'ऑपरेशन प्रवाह' म्हणून जी कामं हाती घेतली त्यांत मोठा भाग विमानतळाच्या हद्दीबाहेरचा आहे. आजूबाजूच्या गावांतले ओढे मोकळे करणं, पूल, नियंत्रक दरवाजे. स्वतःच्या कुंपणाबाहेर पैसा खर्च करायला एका कंपनीला वीस वर्षं आणि तीन वेळचं पाणी लागलं. चेन्नईत तर दुसरी धावपट्टी अड्यार नदीवरच्या पुलावर आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरात तिथं जे होणार होतं ते झालं, पाणी धावपट्टीवर आलं.

नवी मुंबईची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची. १,१६० हेक्टरचा विमानतळ, उलवे आणि गाढी नद्यांच्या मधली खाजण जमीन. उलव्याचा डोंगर कापला, त्याच्या दगडाने जमीन भरून उंच केली, उलवे नदी वळवली. पाण्याचा अभ्यास पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने केला, पर्यावरणाचा आयआयटी मुंबईने. दोन्ही संस्था नामवंत. खडकवासल्याचं ते केंद्र तर १९१६ पासूनचं. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. पण भराव सुरू झाल्यावर पावसाळ्यात शेजारच्या डुंगी गावात पाणी शिरू लागलं आणि गावकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. भराव घातलेली जमीन पाणी घेत नाही, ते शेजारी ढकलते. हे गणितात न येण्यासारखं नव्हतं. पण काम कोणत्या कुंपणाच्या आतलं आहे, ते करारात लिहिलेलं असतं, आणि तज्ज्ञ करारापलीकडं जात नाही. जाऊ नये अशीच त्याला शिकवण असते.

हे आपल्याकडं कसं दिसतं ते सांगतो. जिल्ह्यातल्याच एका मोठ्या रस्त्याच्या कामावर, कोणत्या ते जाऊ द्या, एक तरुण कन्सल्टंट नाल्याची पाहणी करत होता. एप्रिल महिना. लेव्हल मशीन लावून तळ मोजला, काठ मोजला, तक्त्यात भरला. एक मीटर व्यासाचा ह्यूम पाईप पुरतो असं उत्तर आलं. धुऱ्यावर बसलेले एक म्हातारे शेतकरी बराच वेळ बघत होते. ते उठले आणि नाल्याकाठच्या बाभळीकडं बोट दाखवलं. माणसाच्या डोक्याच्या वर, फांद्यांच्या बेचक्यात तुराट्या, पऱ्हाट्या आणि वाळका गाळ अडकून बसला होता. "साहेब, उन्हायात पाहून काय समजते? पावसायात येऊन पाहा." पोरगा हुशार होता. त्याने त्या फांदीची उंची मोजली, फोटो काढला, हिशेब पुन्हा केला. पाईप गेला आणि तिथं चौकोनी पेटीची मोरी आली. त्याच्या जागी घाईतला माणूस असता तर त्या मोरीच्या वरचं आठ-दहा एकर रान दरवर्षी चिबडलं असतं. सोयाबीन पिवळं पडलं की आपण बियाण्याला दोष देतो, खताला देतो. मोरीकडं बघायला कुणी जात नाही.

म्हणून नेमणुकीच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. आपल्याकडं टेंडर म्हटलं की एल-वन, सर्वांत कमी दर. रस्त्यावर खडी टाकायला ठीक आहे. डोकं भाड्याने घेताना हा नियम लावला की तो माणूस साइटवर एकदाच येतो, तेही उन्हाळ्यात. अमेरिकेत १९७२ चा ब्रुक्स कायदा सांगतो की सरकारी कामासाठी अभियंता निवडताना आधी पात्रता ठरवा, दराची बोलणी नंतर, निवडलेल्याशीच. तिथल्या केंद्र सरकारच्या अनुदानातून होणाऱ्या विमानतळांच्या कामांनाही हीच पद्धत लागते. आपल्याकडंही केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत सल्लागारांसाठी गुणवत्ता आणि किंमत दोन्ही तोलून निवड करण्याची सोय आहे. सोय आहे, पण ती वापरायला अधिकाऱ्याला धीर लागतो. उद्या चौकशी लागली तर एल-वन ही सर्वांत सुरक्षित ढाल. त्यात सल्लागाराची फी पुष्कळदा प्रकल्पाच्या किमतीच्या टक्क्यावर. म्हणजे पाचशे मीटर नाला मोकळा केला की भागतंय, असं सांगणाऱ्याची फी कमी आणि पाच किलोमीटर काँक्रीटचं गटार सांगणाऱ्याची जास्त. यात माणसं वाईट असण्याची गरजच नाही.

मला विचाराल तर सल्लागाराच्या करारात पाणलोटाचा नकाशा आधी यावा, मालकीच्या हद्दीचा नंतर. पाणी जिथून येतं आणि जिथं जातं तो सगळा पट्टा त्याच्या कामात धरावा, मग जमीन कुणाचीही असो. त्याने वापरलेली आकडेमोड, पावसाच्या नोंदी, संगणकातलं प्रारूप हे सगळं खात्याच्या ताब्यात यावं. नुसती बांधीव प्रत घेऊन चालत नाही. खात्यातला एक कनिष्ठ अभियंता पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर हिंडावा आणि त्याची निदान तीन पावसाळे बदली होऊ नये. फीचा काही हिस्सा मागे ठेवून दोन पावसाळे बघून द्यावा. मी हे बोललो की सल्लागार मंडळी नाराज होतात, आणि बदलीचं म्हटलं की अधिकारी. असो.

अमरावती सुरू झालं, शिवणीचा विषय निघतच राहील, आपल्या नगरपंचायतीच्या गटारांचाही निघेल. प्रत्येक वेळी एक जाड अहवाल येईल. तो सरकारी पैशाने केलेला असतो, माहिती अधिकारात मागता येतो, अर्जाची फी दहा रुपये. सगळा वाचू नका, डोकं उठेल. तीन गोष्टी शोधा. तासाला किती मिलिमीटर पाऊस धरला आहे. गुणांक किती धरला आहे, आणि तो आजच्या जमिनीचा की प्रकल्प झाल्यानंतरच्या. तिसरं, नकाशावर नाल्याची निळी रेघ कुठवर काढली आहे. ती प्रकल्पाच्या हद्दीवरच तुटत असेल, तर पुढच्या गावाचं नाव पेन्सिलीने लिहा आणि त्या गावच्या सरपंचाला एक झेरॉक्स पाठवा.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. विचारा.